पांढरा नेमका कोणता?

कागदाचा पांढरा वेगळा, दुधाचा वेगळा, भर दुपारच्या ढगांचा वेगळा. सिनेमाच्या पडद्यावरचा पांढरा मात्र ठरवून दिलेला आहे आणि तो रंगाच्या नकाशावरच्या दोन आकड्यांत बांधला आहे: एक्स ०.३१४ आणि वाय ०.३५१. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी २००२ साली एकत्र येऊन ‘डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज’ म्हणजे डीसीआय ही संस्था काढली. तिने २००५ च्या जुलैत आपल्या मानकांची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. हा पांढरा त्यातलाच. टीव्हीच्या पांढऱ्याशेजारी ठेवला तर तो किंचित हिरवट वाटतो. पडद्यावर तो किती उजळ असावा हेही त्याच मानकात आहे: दर चौरस मीटरला ४८ कँडेला, जुन्या मापात १४ फूट-लँबर्ट. शुद्ध लाल, हिरवा आणि निळा यांच्या जागाही पक्क्या आहेत. त्या तीन बिंदूंनी होणाऱ्या त्रिकोणाला ‘पी३’ म्हणतात.

हे आकडे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या थिएटरांना लागू आहेत तसेच रत्नागिरीच्या पडद्यालाही. मुंबईतल्या डीआय म्हणजे रंग जुळवण्याच्या स्टुडिओत कलरिस्ट आणि छायालेखकाने अंधारात बसून ठरवलेला रंग रत्नागिरीत पोचतो का, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठे गळतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. प्रोजेक्टरचे कॅलिब्रेशन म्हटले की लोकांना लॅपटॉप, मीटर आणि आकडेमोड आठवते. ती आकडेमोड खरी आहे, पण लहान शहरातल्या पडद्यावर तिचा नंबर शेवटी लागतो. तिथे रंग बिघडतो तो बहुतेक वेळा उजेड बिघडल्यामुळे, आणि उजेड बिघडतो तो कोणाच्याच कामात त्याची देखभाल धड मोडत नसल्यामुळे.

रंग वाटेत बिघडण्याचे दुखणे मराठी सिनेमाला जुने आहे. १९३३ साली प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ रंगीत करायचे ठरवले. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यासाठी थेट जर्मनी गाठली. तिथे तयार झालेल्या प्रतींचे रंग मनासारखे उतरले नाहीत, प्रयोग फसला, आणि देशात तयार झालेला पहिला रंगीत बोलपट म्हणून १९३७ च्या ‘किसान कन्या’चे नाव लागले. पुढे फिल्मच्या जमान्यात रंगाचा शेवटचा निकाल लॅबमधल्या प्रिंटवर लागे. मोठ्या शहरांत झिजून आलेली प्रिंट कोकणात चढायची. तिच्यावर उभ्या रेघा असायच्या, आणि ईस्टमनकलरची जुनी प्रिंट असली तर तिचा निळा-हिरवा उडून सगळे चेहरे गुलाबी पडलेले असायचे. त्यात कुठे कार्बनचा दिवा, कुठे झेनॉन. तेव्हा कोणी रंग मोजत नव्हते. मोजण्यासारखे हातात काही नव्हतेही.

२००५ नंतर चित्र बदलले. यूएफओ मूव्हीजसारख्या कंपन्यांनी उपग्रहावरून सिनेमा थेट थिएटरच्या सर्व्हरवर उतरवायला सुरुवात केली. प्रिंटचा खर्च गेला आणि मुंबईतला शुक्रवार रत्नागिरीतही शुक्रवारीच उगवू लागला. लहान गावातल्या प्रेक्षकाचा हा मोठाच फायदा होता आणि रंगाची कुरकुर करताना तो विसरू नये. २०१६ च्या ‘सैराट’ची लाट एकाच वेळी राज्यभर उसळली ती या व्यवस्थेमुळे. महाराष्ट्रातल्या तंबूंतही हा बदल शिरला. फिरत्या टॉकीजवाल्यांची रिळांकडून डिजिटल यंत्राकडे जातानाची धडपड शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात आहे. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा खास गौरव झाला.

पण या लाटेत दोन जातींची यंत्रे आली. एक डी-सिनेमा, म्हणजे डीसीआयच्या नियमात बसणारी, आणि दुसरी ई-सिनेमा, म्हणजे स्वस्तातली. ई-सिनेमात चित्र एमपीईजी-४ मध्ये दाबून यायचे आणि प्रोजेक्टर बहुधा एकाच चिपचा असायचा. ही डीएलपीची चिप म्हणजे लाखो सूक्ष्म आरशांची फरशी. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ती १९८७ मध्ये घडवली आणि पुढे तिच्यासाठी त्यांना ऑस्करही मिळाले. एकच चिप असली तर तिच्यापुढे रंगीत काचांचे चाक फिरवावे लागते: आधी लाल, मग हिरवा, मग निळा, आणि डोळा ते एकत्र करतो. उजेड वाढवायला या चाकात अनेकदा एक पारदर्शक पाकळीही घालतात. तिच्यामुळे पांढरा झगझगीत होतो, पण पिवळा, लाल, केशरी त्या मानाने मागे पडतात. हळदीच्या प्रसंगातली हळद मोहरीसारखी काळपट दिसते ती यामुळे. हा दोष सेटिंगने जात नाही, कारण तो चाकातच आहे. हॉलिवूडचा आग्रह डीसीआयच्या नियमात बसणाऱ्या यंत्रांचाच होता.

डी-सिनेमाच्या यंत्रात तीन चिप असतात. दिव्याचा पांढरा उजेड लोलकांच्या जुडग्यातून तीन रंगांत फुटतो, प्रत्येक रंगाला स्वतःची चिप मिळते आणि तिन्ही चित्रे पुन्हा एक होऊन भिंगातून बाहेर पडतात. टू-के चिपवर २०४८ बाय १०८० म्हणजे सुमारे २२ लाख आरसे. सिनेमाची फाइल जेपीईजी २००० मध्ये असते, दर रंगाला १२ बिट. त्या फाइलमध्ये रंग अमुक यंत्राचा लाल किंवा हिरवा म्हणून लिहिलेला नसतो. माणसाच्या डोळ्याच्या मापात लिहिलेला असतो. ते माप १९३१ सालचे आहे. राइट आणि गिल्ड या दोन इंग्रज संशोधकांनी १९२० च्या दशकात अवघ्या सतरा जणांच्या डोळ्यांवर प्रयोग केले आणि त्यातून जगाचा ‘प्रमाण डोळा’ निघाला. जगभरातल्या सिनेमाचा रंग आजही त्या सतरा जणांच्या भरवशावर चालतो, ही मला या सगळ्या व्यवस्थेतली सगळ्यात गमतीची गोष्ट वाटते.

आता उजेडाचा हिशेब. समजा पडदा १२ मीटर रुंद आहे आणि सिनेमा स्कोप, म्हणजे रुंद चौकटीचा आहे. उंची झाली सुमारे पाच मीटर, क्षेत्रफळ साठ चौरस मीटर. साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर ४८ कँडेला हवे तर दर चौरस मीटरला दीडशे लक्स पडले पाहिजेत, म्हणजे एकूण नऊ हजार ल्युमेन. स्कोपसाठी टू-के चिपच्या १०८० ओळींपैकी ८५८ च वापरात येतात. वरखालच्या ओळींवरचा उजेड फुकट जातो. तेव्हा भिंगातून उजेड बाहेर टाकण्याची यंत्राची ताकद साडेअकरा हजार ल्युमेनच्या घरात हवी. पडदा १५ मीटरचा केला तर हा आकडा दीडपटीहून वर जातो. पडदा मोठा घेताना जाहिरात होते, दिवा मोठा घेताना मात्र हात आखडतो.

आणि हा हिशेब नव्या दिव्याचा झाला. झेनॉनच्या दिव्यातले टंगस्टनचे टोक झिजते, त्याची वाफ काचेच्या आतल्या बाजूला बसते आणि काच काळवंडत जाते. काही शे तासांत उजेड ठळकपणे उतरतो. ऑपरेटर करंट वाढवत नेतो, एका मर्यादेनंतर तेही जमत नाही. दिवा महाग, म्हणून ठरलेले तास उलटून गेल्यावरही चालवला जातो. कोकणात याला आणखी एक पदर आहे. दिव्याची झीज जळण्याच्या तासांवर ठरते तशी तो किती वेळा पेटवला यावरही ठरते. पावसाळ्यात शोच्या मधोमध वीज गेली की पंखे बंद पडतात, तापलेला दिवा हवा न लागता निवतो, आणि वीज आली की पुन्हा पेटवावा लागतो. अशा चार रात्री दिव्याला चांगल्याच महागात पडतात. जनरेटर असतो, पण यूपीएसशिवाय मधल्या काही सेकंदांचा घाव बसायचा तो बसतोच.

मग काच. केबिन आणि सभागृह यांच्यामधल्या खिडकीची काच साधी असेल तर तिला हिरवट झाक असते आणि प्रत्येक बाजूने थोडा उजेड मागे उलटतो. ती नियमाने पुसली जात नाही. आतली बाजू एखादे वेळी पुसतात, बाहेरची शिडी लावल्याशिवाय हाती येत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत बारा महिने खार असतो. भिंगाच्या कडेने बुरशीची जाळी धरते, हवेचे फिल्टर ओलसर धुळीने चोंदतात, यंत्र तापते, आणि तापू नये म्हणून दिवा कमी ताकदीवर चालवला जातो. पडदाही ओल पितो. ज्यांच्या घरातल्या पुस्तकांना जुलैत पांढरी बुरशी येते त्यांना पडद्याच्या खालच्या कडेला पिवळी झाक का येते हे समजावून सांगायला नको.

थ्रीडीने यात भर घातली. ध्रुवीकरणाच्या चष्म्यांसाठी पडदा चंदेरी लागतो. असा पडदा उजेड समोर जोरात फेकतो, बाजूला कमी. मधल्या खुर्चीवर बसलेल्याला पडद्याच्या मध्यावर उजेडाचा डाग आणि कडेला अंधार दिसतो, कोपऱ्यातल्याला तो डाग बाजूला सरकलेला दिसतो. थ्रीडीचे दिवस ओसरले, पडदे मात्र तेच राहिले. याहून वाईट म्हणजे थ्रीडीची काच साध्या सिनेमाच्या वेळी भिंगापुढून न हटवणे. २०११ च्या मे महिन्यात ‘बॉस्टन ग्लोब’ने हाच प्रकार अमेरिकेतल्या थिएटरांत शोधून छापला होता, चित्राचा बराचसा उजेड प्रेक्षकापर्यंत पोचतच नव्हता. तेव्हा हा आजार एकट्या कोकणाचा आहे असे कोणी समजू नये.

एवढा उजेड उतरला तरी प्रेक्षक ओरडत कसे नाहीत? कारण डोळा जुळवून घेतो. तिसरा हिस्सा उजेड कमी झाला तरी दहा मिनिटांत तो नेहमीचा वाटू लागतो. मात्र उजेडाबरोबर रंगाचा जोरही उतरतो. रंगशास्त्रज्ञ हंट यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिले आणि त्यांच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. तोच लाल, त्याच आकड्यांचा लाल, मंद उजेडात फिका दिसतो. मीटर म्हणेल रंग बरोबर आहे, डोळा म्हणेल सिनेमा मेलेला आहे. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून आधी उजेड, मग रंग, हा क्रम चुकवून चालत नाही.

प्रत्यक्ष काम असे चालते. यंत्र अर्धा तास तापू द्यायचे. दिवा आरशाच्या केंद्रात बसवायचा, भिंग आणि काच पुसायची, तिन्ही चिपची चित्रे एकमेकांवर नीट बसली आहेत का ते पाहायचे. सभागृहातले दिवे मालवायचे. मीटर ठेवायचा तो प्रेक्षकाच्या खुर्चीत, सभागृहाच्या मागच्या मधल्या भागात, आणि मोजायचा पडद्यावरून परतलेला उजेड. केबिनमध्ये भिंगासमोर धरलेला मीटर पडद्याचे आणि काचेचे पाप झाकतो. आधी पांढरा मोजून ४८ ला आणायचा, मग कडेला तो किती उतरतो ते पाहायचे. त्यानंतर यंत्राची सगळी रंगदुरुस्ती बंद करून त्याचे मूळचे लाल, हिरवा, निळा आणि पांढरा मोजायचे. हे चार बिंदू यंत्रात भरले की ‘आहे’ आणि ‘हवे’ यांच्यातला हिशेब ते स्वतः मांडते आणि प्रत्येक रंगात दुसऱ्या दोघांचे चिमूटभर मिसळून तो जागेवर आणते. शेवटी पुन्हा मोजून बघायचे. थिएटरसाठी पांढऱ्याला दोन्ही आकड्यांत ०.००६ ची सूट आहे, उजेडाला खालीवर सुमारे दहा कँडेलाची.

यातली एक मेख मालकांना सहसा कोणी सांगत नाही. रंग जागेवर आणताना यंत्र जास्तीचा रंग कापते, कमी असलेला वाढवू शकत नाही. दिव्याचा निळा उतरला असेल तर पांढरा सांभाळायला लाल आणि हिरवाही खाली ओढावे लागतात, आणि आधीच अपुरा असलेला उजेड आणखी घटतो. म्हणजे म्हाताऱ्या दिव्यावर केलेले अचूक कॅलिब्रेशन चित्र आणखी मंद करते. दिवा बदलायच्या आदल्या आठवड्यात कॅलिब्रेशन उरकून कागदावर सही घेणे हा सरळ पैशाचा नाश आहे.

दुसरी चूक सेटिंगची. जाहिराती, क्रिकेटचा सामना किंवा एखादा स्थानिक कार्यक्रम दुसऱ्या वाटेने यंत्रात शिरतो आणि त्याचे रंग टीव्हीच्या मानकाचे असतात. त्यासाठी वेगळे बटण, वेगळी जुळणी. सामना संपल्यावर बटण जागेवर आले नाही तर मुख्य सिनेमाचे चेहरे भाजल्यासारखे किंवा आजारी दिसतात. याला मीटर लागत नाही, केबिनच्या भिंतीवर चिकटवलेला कागद पुरतो.

या सगळ्याने सिनेमाचे काय होते, हे दोन चित्रपटांवरून पाहण्यासारखे आहे. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ गुहागरच्या परिसरात, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातच चित्रित झाला. २०१४ साली बर्लिनमध्ये मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर दिला. आपल्याकडे तो २०१५ च्या जूनमध्ये लागला. दिग्दर्शक स्वतः छायालेखक असल्याने त्यातला पाऊस नुसती पार्श्वभूमी म्हणून पडत नाही. भिजलेला जांभा, शेवाळ, राखाडी समुद्र, त्यात वडील गमावलेल्या एका पोराचा चेहरा. यात भडक असा रंग जवळजवळ नाहीच. सगळा खेळ राखाडी आणि हिरव्याच्या जवळजवळच्या छटांचा. पांढरा हिरव्याकडे सरकला तर हा सिनेमा शेवाळाच्या पाण्यात बुडतो, आणि गुलाबीकडे सरकला तर पावसातली थंडी जाते. रत्नागिरीचा प्रेक्षक याचा सर्वात कडक परीक्षक ठरावा. जांभ्याचा ओला लाल आणि सुका लाल, आढीतला हापूस आणि झाडावरचा हापूस, यातला फरक त्याला शाळेत शिकवावा लागत नाही. ओळखीच्या वस्तूंचे रंग डोक्यात पक्के बसलेले असतात, आणि प्रेक्षक नकळत पडद्याची तपासणी त्यांच्यावरच करत असतो.

दुसरा ‘तुंबाड’, राही अनिल बर्वे यांचा. तुंबाड हे गाव खेड तालुक्यातले, याच जिल्ह्यातले.  छायालेखक पंकज कुमार. २०१८ च्या ऑक्टोबरात तो आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. कंदिलाच्या उजेडात अर्धा चेहरा, वाड्यातला काळोख, त्या काळोखात सोन्याची मोहर. इथे परीक्षा काळ्याची आहे. मानकाप्रमाणे सर्वात उजळ पांढरा आणि सर्वात गडद काळा यांच्यात २००० ला १ असे प्रमाण अपेक्षित आहे. पण बाहेर जाण्याच्या दिव्याचा लाल उजेड पडद्यावर सांडत असेल, भिंती फिक्या रंगाच्या असतील आणि चहासाठी दार सारखे उघडत असेल, तर कितीही चांगल्या यंत्राचा काळा राखाडी होतो आणि सोने पितळ. ते दुरुस्त करायचे काम सुताराचे आणि रंगाऱ्याचे आहे. या काळात प्रेक्षकाच्या खिशातल्या मोबाइलचा पडदाही बदलला. २०१६ पासून अनेक महागड्या फोनांत पी३ चाच रंगत्रिकोण आला. तिकीट काढून आलेल्या माणसाने तीच मोहर फोनवर अधिक पिवळीधमक पाहिलेली असू शकते, आणि थिएटर चालवणाऱ्यांनी याची चिंता करावी असे मला वाटते.

मग हे करायचे कोणी? यंत्र अनेकदा भाड्याने आलेले असते. ते कंपनीचे, इमारत मालकाची, सिनेमा निर्मात्याचा आणि वितरकाचा. दिव्याचा खर्च एकाकडे, देखभालीचा करार दुसऱ्याकडे. वर्षाकाठी तंत्रज्ञ आंबा घाट किंवा कशेडी चढून उतरून येतो. तो आलाच तर आधी बंद पडलेले सुरू करतो. चालू असलेले यंत्र मंद चालते आहे ही तक्रार कोणत्याही वहीत बसत नाही. अचूक स्पेक्ट्रोरेडिओमीटरची किंमत काही लाखांत असते. एका पडद्याला तो परवडत नाही, आणि खरे तर लागतही नाही. चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंतच्या चित्रगृहांनी मिळून एक विकत घेतला आणि वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, फिरवला तर काम भागेल. नुसता उजेड मोजणारा मीटर तर पुष्कळ स्वस्तात मिळतो. तो प्रत्येक केबिनमध्ये असावा आणि दर सोमवारी मधल्या खुर्चीवरून घेतलेला एक आकडा दिव्याच्या तासांशेजारी लिहावा. देखभालीच्या करारात ‘कॅलिब्रेशन केले’ एवढ्यावर सही करू नये. मोजलेले आकडे, खुर्चीची जागा आणि दिव्याचे तास मागावेत.

आता लेझर येतो आहे आणि विक्रेते सांगतात की ही कटकट संपली. अर्धे खरे आहे. स्वस्त प्रकारात निळा लेझर फॉस्फरच्या चाकावर पडून पिवळा उजेड काढतो आणि त्यातून लाल-हिरवा वेगळा होतो. वीस ते तीस हजार तास दिवा बदलायला नको, वीज गेल्यावर पुन्हा पेटवण्याची भीती नाही. कोकणासाठी हे एकच कारण लेझर घ्यायला पुरे आहे. पण त्याचा लाल मुळात अशक्त. पी३ गाठायला पिवळ्याचा एक पट्टा काचेने गाळावा लागतो, आणि त्यात उजेड जातो. शिवाय फॉस्फर आणि लेझर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत, त्यामुळे पांढरा हळूहळू सरकतोच. तीन स्वतंत्र लेझरांचे महागडे यंत्र रंगाला सर्वात श्रीमंत, पण त्याचे रंग इतके टोकदार असतात की शेजारी बसलेल्या दोघांना पांढऱ्याची झाक वेगळी दिसू शकते. १९३१ चा प्रमाण डोळा तिथे अपुरा पडतो. जुने फिल्टरवाले मीटरही लेझरसमोर चुकीचे आकडे देतात, त्यांना त्या उजेडासाठी वेगळे जुळवून घ्यावे लागते. काही नव्या यंत्रांत रंग सांभाळणारा सेन्सर आतच बसवलेला आहे. तो उजेड पाहतो तो यंत्राच्या पोटातला. केबिनची काच, तिच्यावरचा खार आणि ओल प्यायलेला पडदा त्याच्या नजरेच्या पलीकडेच राहतात.